बांधावरचा बिब्बा

एखाद्याच्या सुरळीत चाललेल्या कामात कुणी मोडता घातला की आपण त्याला ‘बिब्बा घालणे’ म्हणतो. २०१६ च्या जून महिन्यात मी आमच्या बरड रानाच्या कडेने बिब्ब्याची लागवड सुरू केली, तेव्हा हा वाक्प्रचार इतक्या तोंडांतून ऐकावा लागला, की पुढे पुढे समोरच्याला ती संधी न देता मीच तो आधी वापरून मोकळा होऊ लागलो. रस्त्याने जाणारा विचारायचा, ‘‘गुरुजी, काय करायलाव?’’ मी म्हणायचो, ‘‘बिब्बा घालायलोय.’’ तो हसायचा, दोन पावले पुढे जायचा आणि मग थांबून खरोखरच्या काळजीने विचारायचा, ‘‘पर बिब्बा कुणी लावतंय व्हय?’’

प्रश्न रास्त होता. बालाघाटाच्या आमच्या पट्ट्यात आंबा, चिंच, सीताफळ लावतात. हल्ली सागही लावतात. बिब्बा आपला आपण येतो. कुणाच्या बांधावर असला तर असतो, तोडला तर कुणी हळहळत नाही. लहानपणी आम्हांला बिब्ब्याखाली खेळू देत नसत, कारण त्याचा चीक लागला की कातडी उतते, फोड येतात आणि पंधरा दिवस तोंड दाखवायची सोय राहत नाही. असे झाड मुद्दाम पिशवीत वाढवून, पाणी घालून, कुंपण करून कशासाठी लावायचे, याचे उत्तर मला तेव्हा एका वाक्यात देता येत नव्हते. एक कारण म्हणजे त्याची सुरुवात आमच्या रानात झालीच नव्हती. ती झाली होती हजारो मैलांवर, आमच्याकडे कधीही न उगवणाऱ्या एका झाडाखाली.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर, २०१५ च्या सप्टेंबरात, आम्ही दोघे मुलीकडे पेनसिल्व्हेनियात दोन महिने राहून आलो. तिच्या घरामागे एक टेकडी होती आणि टेकडीच्या उतारावर एका म्हातारबांची जमीन होती. मुलीने आल्या दिवशीच सांगितले, की या काकांकडे चेस्टनटची झाडे आहेत आणि ते आपल्याला वेचायला बोलावणार आहेत. चेस्टनट म्हणजे काय, हे मला शब्दापलीकडे ठाऊक नव्हते. शाळेत असताना कधीतरी शब्दकोशात वॉटर चेस्टनट म्हणजे शिंगाडा असे वाचले होते, तेवढ्या आधारावर मी पत्नीला छातीठोकपणे सांगितले, की हा तिकडचा शिंगाडा. तिने लगेच विचारले, की उपवासाला चालेल का. प्रत्यक्षात त्या दोघांचे काडीचे नाते नाही. शिंगाडा तळ्याच्या पाण्यावर पसरणारी वेल. चेस्टनट हा ओकच्या कुळातला, शंभर फुटांपर्यंत जाऊ शकणारा वृक्ष. साम्य असलेच तर एवढेच, की दोन्हींच्या आत पिठूळ पांढरा गर असतो.

त्या उतारावरची पहिली सकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. गवतावर दव होते आणि झाडांखाली हिरवट पिवळी, टेनिसच्या चेंडूएवढी, काट्यांची बोंडे पडली होती. काटे असे, की साळिंदराचे पिल्लू अंगाचे मुटकुळे करून बसले आहे असे वाटावे. बोटाने उचलायला गेलो तर सुईसारखे आत रुतले. म्हातारबा हसले आणि त्यांनी बुटाच्या दोन टाचांमध्ये बोंड धरून ते हलकेच दाबून फिरवले. बोंड चार पाकळ्यांनी उकलले. आत मऊ मखमलीसारखे अस्तर आणि त्यावर एकमेकींना चिकटून बसलेल्या तीन तपकिरी, चकचकीत बिया. प्रत्येकीच्या टोकाला बारीक शेंडी. ही शेंडी नीट पाहून ठेवा, असे त्यांनी मुलीकरवी बजावले. हॉर्स चेस्टनट नावाचे दुसरे एक झाड असते, त्याची बी दिसायला अशीच तपकिरी आणि चकचकीत, पण तिला शेंडी नसते, तिच्या बोंडावर जाड आणि विरळ काटे असतात, आणि ती विषारी असते.

वेचलेल्या बिया त्यांनी बादलीभर पाण्यात टाकल्या. तरंगल्या त्या बाजूला काढल्या, कारण तरंगणारी बी बहुधा आतून किडलेली किंवा पोचट असते. उरलेल्या ऊन पाण्यात वीसेक मिनिटे ठेवल्या; पाणी साधारण एकोणपन्नास अंशांवर राहिले पाहिजे, म्हणजे आतली भुंग्याची अळी मरते आणि बी मात्र शिजत नाही. मग त्या आठवडाभर थंड जागी ठेवायच्या, म्हणजे आतल्या पिठाची थोडी साखर होते आणि गोडी येते. भाजण्यापूर्वी सालीवर चाकूने चीर द्यायची, हे तर विसरायचेच नाही. नाहीतर आतली वाफ कोंडून बी फटाक्यासारखी फुटते. (एक फुटली. ती माझ्या हातची होती.) गरम असतानाच सोलावी लागते, कारण थंड झाली की आतली पातळ साल गराला जी चिकटते ती सुटतच नाही. चवीला ती बदाम-काजूच्या जातीची नव्हतीच. चुलीच्या आरात भाजलेल्या रताळ्याची आठवण झाली. नंतर कळले, की तिच्यात तेल अगदी थोडे, दोनेक टक्के, आणि निम्म्याच्या आसपास पाणीच असते. म्हणजे कवचाच्या फळांत मोडत असली तरी स्वभावाने ती धान्य आहे.

आणि धान्यासारखीच ती तिथल्या डोंगराळ माणसांनी खाल्ली होती. अ‍ॅपलेशियन पर्वतरांगेतली कुटुंबे शरद ऋतूत पोत्यांनी चेस्टनट वेचत, त्यांच्या बदल्यात दुकानातून साखर आणि मुलांना जोडे आणत, आणि उरलेल्यावर डुकरे सोडून देत. अस्वले, हरणे, रानटी टर्की, खारी हे सगळे त्याच झाडावर हिवाळ्यापूर्वी अंगात चरबी धरत. ओकचे पीक एका वर्षी भरपूर येते आणि पुढच्या वर्षी दगा देते. चेस्टनटला मोहोर उशिरा, जूनमध्ये येतो, त्यामुळे तो वसंतातल्या गोठवणाऱ्या दहिवरात सापडत नाही आणि झाड जवळपास दरवर्षी फळते. रानातल्या जिवांना हा भरवसा किती मोलाचा असेल, हे पाऊस चुकलेल्या वर्षात राहिलेल्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

१९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातल्या चेस्टनटच्या सालीवर रोगाचे चट्टे दिसले. ती एक बुरशी होती आणि ती आशियातून हौसेने आणलेल्या रोपांबरोबर आली होती, असे पुढे निष्पन्न झाले. आशियातल्या चेस्टनटला तिची सवय होती, अमेरिकेतल्या झाडाला नव्हती. पेनसिल्व्हेनिया राज्याने १९११ मध्ये खास आयोग नेमून रोगट झाडे तोडण्याची मोहीम काढली आणि दोन वर्षांत हात टेकले. पन्नास वर्षांच्या आत सुमारे चारशे कोटी झाडे उभ्या उभ्या वाळून गेली. बुरशी जमिनीखाली मुळांपर्यंत पोचत नाही, म्हणून जुन्या बुंध्यांतून आजही धुमारे फुटतात, मनगटाएवढे होतात, साल तडकू लागली की पुन्हा बुरशीच्या तावडीत सापडतात आणि मरतात. म्हातारबांनी त्यांच्या हद्दीबाहेरच्या जंगलात नेऊन मला असा एक धुमारा दाखवला. पाने अजून हिरवी होती. सालीवर नारिंगी पुळ्यांची एक लांबट जखम होती.

त्यांची स्वतःची झाडे म्हणूनच चिनी चेस्टनटची आणि काही संकरित होती. ती त्यांनी विक्रीसाठी लावली नव्हती. हरणे आणि टर्की यांच्यासाठी लावली आहेत, असे ते सरळ सांगत, आणि त्यात आव काहीच नव्हता. शिकारीचा त्यांना शौक होता, हेही ते लपवत नसत. मौज अशी, की हरणांसाठी लावलेली ही झाडे पहिली चार-पाच वर्षे हरणांपासूनच राखावी लागतात. प्रत्येक रोपाभोवती त्यांनी माणसाच्या छातीएवढी उंच नळी उभी केली होती, नाहीतर कोवळा शेंडा एका रात्रीत खुडला जातो. आता झाडे मोठी झाली होती आणि त्यांचा नेम ठरला होता: एक दिवसाआड सकाळी वेचायला जायचे. मधल्या दिवशी पडेल ते जनावरांचे. मी मास्तरी खोडीने विचारले, की दोघांत जास्त कुणाला मिळते. त्यांनी उताराकडे हात केला आणि मुलीला काहीतरी म्हणाले. ती म्हणाली, ‘‘बाबा, ते म्हणतायत, मोजलं नाही म्हणूनच इतकी वर्षं जमलं.’’

निघताना मुलगी थट्टेने म्हणाली, ‘‘टाका की चार बिया खिशात, बांधावर लावा.’’ खरे सांगतो, मन झाले होते. पण परवान्यावाचून बियाणे देशात आणता येत नाही, आणि हौसेने आणलेल्या चार रोपांनी काय होते ते मी नुकतेच सालीवर पाहून आलो होतो. शिवाय चेस्टनटला आंबूस, निचऱ्याची जमीन लागते. चुना त्याला सोसत नाही. आमच्या काळ्या मातीत नांगराला चुनखडीचे खडे लागतात. तिथे ते झाड जगलेच नसते. मी रिकाम्या खिशाने परत आलो.

परतल्यावरचा तो उन्हाळा मराठवाड्यात कुणी विसरलेले नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. आमच्या विहिरीने तळ दाखवला होता, आणि करण्यासारखे काही नसल्यामुळे मी रोज संध्याकाळी रानात जाऊन नुसता बसत असे. सावली एकाच झाडाची होती. वडिलांच्याही आधीपासून बरडाच्या टोकाला उभा असलेला तो जुना बिब्बा. मे महिन्यात, सगळे शिवार भाजून निघालेले असताना, त्याला नवी पाने फुटली होती: पळसापेक्षा लांब, ताटलीएवढी, चामड्यासारखी जाड, वरून हिरवी आणि खालून राखाडी. पाणी नाही, खत नाही, कुणाचे लक्ष नाही, उलट अंगावर कुऱ्हाडीच्या दोन जुन्या खुणा. बसल्या बसल्या माझ्या मनात आले, की म्हातारबांचे जे झाड, ते आमच्याकडे आधीपासूनच आहे. फक्त त्याला आम्ही शिवी करून ठेवले आहे.

बिब्बा आंब्याच्या आणि काजूच्या कुळातला. काजूसारखीच त्याची रचना आहे, वर एक फुगीर गोड देठ आणि त्याला खाली चिकटलेले खरे फळ. थंडीत, मार्गशीर्ष-पौषात, देठ पिकून केशरी होतो आणि त्याच्या टोकाला काळाभोर, तुळतुळीत, बदामाच्या आकाराचा बिब्बा लटकतो. केशरी भागाला आमच्याकडे बिब्ब्याचे फूल म्हणतात. ती फुले वाळवून खातात. ओली खाल्ली तर घशाला खवखव सुटते. काळ्या भागाच्या टरफलात ते प्रसिद्ध जळजळीत तेल असते. परीट त्यानेच कपड्यांवर खुणा करीत, आणि ती खूण कपडा फाटेपर्यंत जात नसे. त्या टरफलाच्या आत पांढरी, चपटी, दुधाळ गोडीची गोडंबी.

हे फळ वाटून खाण्यासाठीच घडले असावे, असे त्याखाली बसले की वाटते. त्या वर्षी पावसाने भरपाई केली आणि पुढच्या थंडीत जुन्या झाडाला फळ लागले. मी मास्तरकीतली वही काढली आणि नोंदी ठेवू लागलो. सकाळी बुलबुल येतात. ते केशरी फुलाला टोच मारून उडून जातात. पोपट नासधूस जास्त करतात. दहाच्या सुमारास वानरांची टोळी येते. वानर फळ खुडते, केशरी भाग दातांनी अलगद तोडून घेते आणि काळा बिब्बा खाली टाकते. टाकतानाची त्याची ती तिरस्काराची झटक पाहण्यासारखी असते. चिकाचा धडा त्याच्या आईनेही त्याला दिलेला असणार. झाडाखाली मोर फिरतो, पडलेली फुले टिपतो. दुपारपर्यंत खाली काळे बिब्बे विखुरलेले असतात, फूल खाऊन साफ केलेले, जणू कुणी आपल्यासाठी सोलून ठेवले आहेत. त्यांना जे हवे ते आपल्याला फारसे नको आणि आपल्याला जे हवे ते त्यांना खाता येत नाही. म्हातारबांना एक दिवसाआडचा नेम करावा लागला होता. इथे झाडानेच वाटणी करून ठेवली आहे.

लागवड मात्र सोपी गेली नाही. पहिल्या वर्षी, पत्नीचा विरोध पत्करून, मी बाजारातून आणलेले बिब्बे टाकले. एकही उगवला नाही. ते कधीचे वाळलेले होते कोण जाणे. दुसऱ्या वर्षी जुन्या झाडाखालचे ताजे घेतले, पाण्यात टाकून तरंगणारे काढले (बादलीशी बसताना ती टेकडी आठवलीच) आणि साठ पिशव्यांत लावले. महिनाभर काही नाही. मग दीड महिन्याने, मी पिशव्या उलट्या करायच्या बेतात असताना, एका पिशवीत तांबूस कोंब दिसला. एकूण उगवले चौदा. त्यांतली पाच रोपे पहिल्या उन्हाळ्यात गेली, तीन शेजारच्या बांधावरचे गवत पेटवले तेव्हा होरपळली. त्यांतले एक बुडातून पुन्हा फुटले. शेळ्यांसाठी बाभळीच्या काट्यांचे आळे केले. त्यात दोन वर्षे मीच जास्त वेळा अडकलो. आज सात झाडे आहेत. आता फुलायला लागल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात आली, की बिब्ब्यात बहुधा नर आणि मादी झाडे वेगळी असतात, आणि ते फूल येईपर्यंत कळत नाही. सातांतली चार फुलली आहेत. तीन नर निघाले. नानांनी, म्हणजे शेजारच्या शेतकऱ्यांनी, यावर जे भाष्य केले ते इथे लिहिण्याजोगे नाही.

गोडंबी काढणे हा या सगळ्यातला अवघड भाग आहे आणि त्याबद्दल हलकेपणाने लिहू नये. माझी आई बिब्बे फोडायची ते मला आठवते. आधी ते उन्हात कडक वाळवायचे. मग अंगणात, घरापासून दूर, जुने लुगडे नेसून, तोंडाला फडके बांधून बसायचे. हातांना कोपरापर्यंत तेल चोपडायचे आणि वरून राख. एका दगडावर बिब्बा उभा धरायचा आणि दुसऱ्या दगडाने नेमका घाव घालायचा, इतका की टरफल तडकावे पण आतली गोडंबी चुरू नये. प्रत्येक घावाला काळे तेल उडते. संध्याकाळपर्यंत वाटीभर गोडंबी निघायची आणि तिच्या मनगटांवर काळे डाग पडायचे, ते पुढे खपल्या होऊन निघायचे. उतले की ती खोबरे चावून त्याचा रस लावायची आणि कुणी काही विचारलेले तिला आवडत नसे. मराठवाड्यात आणि शेजारच्या विदर्भात आजही अनेक बाया मजुरीने हेच काम करतात. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात खारीक, खोबरे, मेथ्यांबरोबर ही गोडंबी पडते, तिचा भाव ऐकून आपण दुकानदाराशी घासाघीस करतो. मी स्वतः वर्षानुवर्षे केली आहे. आईचे हात पाहिलेले असूनही केली आहे, हे विशेष. आता मी दरवर्षी एक वाटी फोडतो. हातमोजे, चष्मा, सांडशी एवढा सरंजाम असूनही गेल्या वर्षी डावा कान उतला होता. कान का, ते मला अजून उमगलेले नाही. ज्याने कुणाला फोडताना पाहिलेले नाही त्याने हे करू नये, एवढे कळकळीने सांगतो.

बिब्ब्याच्या आगेमागे आणखीही काही लावले. चारोळीची तीन रोपे किनवटच्या बाजूच्या एका ओळखीच्या माणसाकडून आणली. त्यांतले एक तगले आहे आणि अजून गुडघ्याएवढेच आहे. बेहड्याचे एक झाड जोमाने वाढते आहे. त्याच्या बिया फोडून आतला गर आम्ही शाळेला जाता-येता खात असू, जास्त खाल्ला की गरगरायचे. बोरी तर लावाव्या लागतच नाहीत. खोकड बोरे खाते आणि बिया माळभर पेरत हिंडते. तिच्या लेंड्यांतून उगवलेल्या बोरींची मोजदाद मी सोडून दिली आहे.

चार-सहा झाडांनी काय होणार, हा प्रश्न मीही स्वतःला विचारतो. राज्यात सर्वांत कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांची नावे घ्यायची झाली की लातूर त्यात असतेच, आणि आमचा धाराशिव त्याहून फार वेगळा नाही. येडशी-रामलिंगचे अभयारण्य आहे, बीडकडे नायगावचे मयूर अभयारण्य आहे. पण मधला सगळा मुलूख सोयाबीन, तूर, हरभरा आणि ऊस. अशा मुलखात रान उरते ते फक्त बांधावर, ओढ्याच्या कडेला, बरडावर आणि देवाच्या नावाने राखलेल्या चार गुंठ्यांत. २०२४ च्या डिसेंबरात येडशी-रामलिंगच्या जंगलात वाघ कॅमेऱ्यात आला. तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून, शेकडो किलोमीटर चालून आला होता, आणि एवढ्या वाटेत सलग जंगल नाही. मग तो आला कशातून? तुरीतून, उसातून, ओढ्यानाल्यांतून आणि तुमच्या-माझ्या बांधांवरून. गावात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. नाना म्हणाले, ‘‘गुरुजी, आता त्यालाबी बिब्बे चारा.’’

नानांचा राग मात्र वाघावर नाही, रानडुकरांवर आहे, आणि तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांचा भुईमूग डुकरांनी एका रात्रीत उकरला. सकाळी मी गेलो तेव्हा ते बांधावर उकिडवे बसून उपटलेल्या वेलांकडे पाहत होते. मला पाहून एवढेच म्हणाले, ‘‘तुमच्या रानात त्यांना थारा हाय.’’ मी म्हणणार होतो, की डुक्कर बिब्ब्यासाठी येत नाही. पण ते अर्धेच खरे ठरले असते. बिब्ब्यासाठी येत नसेल, पण बरडावर मी जी घाणेरी न तोडता वाढू दिली होती, तिच्या जाळीत दिवसा डुकरे बसत होती, हे मलाही ठाऊक होते. जनावरांना वाटा द्यायचा तर तो माझ्या ताटातला हवा. नानांच्या भुईमुगातून मी दानशूर व्हायचे, याला अर्थ नाही. माझे वडील दिवसभर माळ्यावर उभे राहून गोफणीने पाखरे हाकीत, घसा बसेपर्यंत ओरडत, आणि काढणीच्या शेवटी कोपऱ्यावरची ज्वारीची चार धाटे कणसांसकट तशीच उभी ठेवीत. लहानपणी मला यात विसंगती वाटे. पण ती धाटे आमच्या रानातली होती, शेजाऱ्याच्या नव्हे, हे कळायला मला नानांचा भुईमूग उकरला जावा लागला. त्या वर्षी मी त्यांच्या बांधालगतची वीस फुटांची पट्टी घाणेरी मुळासकट खणून मोकळी केली. उरलेली पुढच्या वर्षी काढतो, असे कबूल केले. ते राहून गेले.

गेल्या वेळ अमावस्येला रानात नेहमीसारखी मंडळी जमली. कडब्याची कोप केली, चुन्याने रंगवलेले पाच पांडव मांडले, पूजा झाली, आंबील शिवारभर शिंपडून झाली. भज्जी आणि उंडे खाऊन सगळे पेंगायला लागले, तसे मी नानांना बिब्ब्याकडे घेऊन गेलो. मी लावलेल्यांतल्या एकुलत्या एका मादी झाडाला पहिल्यांदाच फळ धरले होते. चार दिवसांपूर्वी मी खालून मोजली होती, तेव्हा एकतीस फळे होती. आता फांदीवर दोन होती. बाकीच्यांची केशरी फुले वानरांनी खाल्ली होती आणि काळे बिब्बे पाचोळ्यात पडले होते. मी वेचू लागलो. नाना थोडा वेळ उभे राहिले आणि मग तेही वाकले. आमच्या दोघांच्या मिळून एकवीस मिळाले. बाकीचे पाचोळ्यात कुठे गेले ते गेले.

नानांनी आपल्या हातातले सात बिब्बे टोपीत ठेवले.

‘‘दाराला बांधायला लागतेत,’’ ते म्हणाले. ‘‘बाजारात दहाला एक देतेत आता.’’

मी म्हटले, ‘‘आणखी घ्या की.’’

‘‘नको. सात बास हायेत.’’ टोपी सांभाळत ते बांधापर्यंत गेले, थांबले आणि ओढ्याकडच्या जाळीकडे पाहत म्हणाले, ‘‘आन् ती घाणेरी कधी काढणार हाव?’’

मी कोपीत जाऊन कुदळ शोधू लागलो.